भांगेतली मिरी

मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, जाऊन आलो म्हटलं की पुण्यातली माणसं दोन गोष्टी हटकून विचारतात. तिकडे भाषा कुठली बोलावी लागते, आणि जिवाला धास्ती तर नाही ना? दोन्हींची उत्तरं मी आता पाठ करून ठेवली आहेत. भाषा आपलीच, फक्त तिच्या अंगावर शेरवानी आहे. धास्ती म्हणाल तर मोटारीची, माणसांची नाही. पण मी कशासाठी गेलो होतो हे ऐकलं की मंडळी माझ्या नाकाकडे बघत राहतात.

आमचा पिढीजात धंदा उदबत्तीचा आणि अत्तराचा. या धंद्यात नाक हेच भांडवल. मागच्या वर्षी थंडीत मला ताप आला. ताप उतरला, पडसंही गेलं, आणि जाताना ते वास घेऊन गेलं. आधी मला कळलंच नाही. चुलीवर दूध करपत होतं आणि मी शेजारीच पाटावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. बायको माडीवरून धावत आली, तोवर पातेलं काळं झालं होतं. "तुम्हाला वास नाही आला?" तिनं विचारलं. तेव्हा मी उठून दुकानात गेलो, वाळ्याची कुपी उघडली, मग केवड्याची, मग हिन्याची. तिन्हींत नुसतं पाणी भरलंय असं वाटलं.

वैद्य झाले, डॉक्टर झाले. हवापालट करा, असं दोघांनीही सांगितलं. माझी थोरली बहीण, अक्का, नांदेडला दिलेली. तिनं एका येणाऱ्याबरोबर निरोप धाडला की इथे एक म्हातारे हकीम आहेत, नाकाकानाचं बघतात, ये. शिवाय लातूरचे मल्लप्पा आमचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. शिवरात्रीचा त्यांचा माल दर वर्षी आमच्याकडून जाई. त्या वर्षी मी तो करू शकलो नव्हतो. नाक परत येणार नसेल तर दुसरा कारागीर बघा, हे त्यांना तोंडावर जाऊन सांगणं मला भाग होतं. असा नांदेड आणि लातूर, दोन्हीकडचा बेत ठरला.

नांदेड

मनमाडला गाडी बदलली की रूळ अरुंद होतात आणि पाट्यांवरचा मजकूर उजवीकडून सुरू होतो. नांदेडच्या स्टेशनावर दाजी घ्यायला आले होते. ते तिथल्या सरकारी शाळेत गणित शिकवतात, आणि तेही उर्दूत. टांग्यात बसल्या बसल्या मी विचारलं, "दाजी, बेरीज-वजाबाकीला काय म्हणता हो?"

"जमा, तफरीक, जर्ब, तकसीम," दाजी म्हणाले. "भागाकार कुठल्याही भाषेत पोरांना येत न्हाई, ते सोडा."

पुण्यात असताना हेच दाजी शुद्ध बोलत. इथे राहून त्यांच्या बोलण्याला एक सैलपणा आलाय. घरी संध्या संस्कृतात, शाळा उर्दूत, भाजीवालीशी दोन शब्द तेलुगूत, आणि बायकोशी भांडण मराठीत. एका दिवसात एवढ्या वेशी ओलांडणारा माणूस मी पुण्यात पाहिलेला नाही. आम्ही एका भाषेतच किती अवघडून बसतो.

अक्कानं जेवायला अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी केली होती, वर लसणाची फोडणी. मी जेवू लागलो. आंबट लागलं, खारट लागलं, तिखट लागलं. त्यापलीकडे काही नाही. वास गेला की चव निम्म्याहून अधिक जाते, हे मला तापानंतरच कळलं. जिभेला फक्त ढोबळ हिशेब येतो. बारकावे सगळे नाकाकडे असतात. अक्का समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. "बरी झालीय?" तिनं विचारलं. "छान झालीय," मी म्हणालो. ती उठून आत गेली. तिला कळलं होतं.

हकीमसाहेबांचं घर नदीकडे जाणाऱ्या उतारावर होतं. दिवाणखान्यात स्वच्छ पांढरी बैठक, कोपऱ्यात काचेच्या बरण्या. स्वतः हकीमसाहेब वाळक्या अंगाचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांनी आधी पान दिलं, घरच्यांची चौकशी केली, पुण्यात पाऊस कसा झाला ते विचारलं. आमच्याकडे वैद्याच्या ओसरीवर पाय ठेवताच दुखणं सांगायला लागायचं. इथे दुखण्याला बराच वेळ बाहेर ताटकळत ठेवतात. मग त्यांनी नाडी पाहिली, मला डोळे मिटायला सांगितले आणि एकेक वस्तू नाकाशी धरली. लवंग, लिंबाची साल, गुलाबाच्या पाकळ्या, निलगिरीचं तेल. निलगिरीनं डोळ्यांत पाणी आलं, एवढंच.

"नाक गई नहीं, मियाँ," ते म्हणाले. "रास्ता भूल गई है. आएगी तो एकदम नहीं आएगी. टुकड़ा टुकड़ा आएगी."

"कधी येईल?"

"ये मेरे को मालूम होता तो मैं हकीम नहीं, पीर होता."

त्यांचा उपाय साधा होता. या चारही वस्तू छोट्या बाटल्यांत भरून जवळ ठेवायच्या, सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, आणि हुंगताना तो वास आठवायचा. नुसतं नाक ओढून उपयोग नाही. "याद को आवाज देते रहो," ते म्हणाले. मी विचारलं, याने कुणाला गुण आलाय का. त्यांनी बरणीचं झाकण लावता लावता सांगितलं, की एका स्वयंपाक्याला आला, एका तंबाखूवाल्याला नाही आला. आशा दाखवताना त्यांनी माप चुकवलं नाही, म्हणून मला ते आवडले.

पुढचे काही दिवस मी सकाळी गोदावरीच्या घाटावर बसून हा उद्योग केला. गुलाब म्हटलं की माझ्या लग्नातली गुलाबदाणी डोळ्यांपुढे यायची, पण वास यायचा नाही. पाणी निवांत वाहत होतं. पलीकडे कलिंगडांचे वाफे होते. रोज स्नानाला येणारे एक गृहस्थ मला बघून अखेर थांबले. "काय करून राहिलात तुम्ही? मंत्र आहे का काही?" मी म्हटलं, "नाक जागं करून राहिलोय." त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी घरच्या तुळशीच्या मंजिऱ्या आणून दिल्या.

लातूरच्या वाटेवर

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी कोळशाच्या धुरावर चालत. गाडीच्या मागे एक उभी भट्टी, तिच्यात लोणारी कोळसा, आणि त्या वायूवर इंजिन. सपाटीवर ठीक, चढ आला की गाडी दम टाकते. लोह्याच्या पुढे एका चढावर ती उभीच राहिली. ड्रायव्हर उतरला, भट्टीत सळई घालून ढवळू लागला, आणि सगळी मोटार धुरानं भरली. माणसं खोकत, शिव्या देत खाली उतरली. मी आत तसाच बसून होतो, कारण मला त्या धुरात काही वावगं जाणवलंच नाही. एका म्हाताऱ्यानं दंडाला धरून खाली ओढलं. "अवो, मरता का काय!"

तेव्हा मात्र मला भीती वाटली. नाक केवळ धंद्यासाठी नसतं, हे त्या म्हाताऱ्याच्या हाताच्या पकडीत मला कळलं.

सगळे चढ चालत गेलो. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून झाली होती. कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या, मधूनमधून करडईचे पिवळे-केशरी पट्टे. ज्या म्हाताऱ्यानं मला ओढलं होतं त्यानं सावलीला फडकं सोडलं आणि मला भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा दिला. कोण, कुठले, काहीच न विचारता. आमच्याकडे प्रवासात अनोळखी माणसाचं खाण्याआधी चार चौकशा होतात. इथे आधी खाणं झालं. चौकशा मग मोटार परत सुरू झाल्यावर, लातूर येईपर्यंत, सावकाश झाल्या.

लातूर

मल्लप्पांचं दुकान गंजात, म्हणजे बाजारपेठेत, आणि घर मागच्या गल्लीत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. त्यांची आई, आव्वा, ही लहान चणीची, ताठ पाठीची बाई. घरात कानडी आणि मराठी अशी मिसळून बोले की कुठली कुठे संपते ते समजू नये. धाकटा भाऊ गुरू, पंचविशीतला. देखणा, पण डोळे विझलेले.

मी आल्या दिवशीच मल्लप्पांना सगळं सांगून टाकलं. नाक नाही, माल करता येत नाही, यापुढे दुसरीकडे बघा.

त्यांनी ऐकून घेतलं. "बघू की," ते म्हणाले. "उद्या-परवा शिवरात्र हाय. तवर ऱ्हावा. देवाच्या दारात आलेला माणूस असा मागं फिरत न्हाई."

आव्वानं दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ बसून गुरूची गोष्ट काढली. त्याची बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यानंतर तो देवळामागच्या मंडळींत बसू लागला. शिवरात्रीला घोटली जाणारी भांग तो रोज घेऊ लागला, पुढे चिलीमही आली. दुकानात येत नाही, कुणाशी भांडत नाही, नुसता नसल्यासारखा असतो. "देवाची वस्तू हाय, न्हाई म्हणता येईना," आव्वा म्हणाली. "पर त्या पाल्यानं माझं लेकरू गिळलं बघा."

मी गुरूला एकटा गाठून विचारलं, काय मिळतं त्यात? त्यानं पायाशी पडलेली काडी उचलून मोडली. मग म्हणाला, "ती न्हाई, हे तेवढा वेळ आठवत न्हाई."

शिवरात्रीच्या सकाळी मागच्या अंगणात पाटा मांडला होता. भांगेची पानं रात्रभर पाण्यात भिजवून, पिळून, धुऊन घेतलेली. गुरू ती वाटत होता. हा मान घरात त्याचाच होता, आणि आव्वा दाराशी पाठ करून बेलपानं निवडत होती. घरात उपास. मी चार बाटल्या घेऊन ओट्यावर बसलो होतो आणि गुलाब आठवण्याची खटपट करत होतो.

आणि मला मिरीचा वास आला.

अगदी पुसट. पण तो होता. कोरडा, लाकडासारखा, नाकाच्या मागच्या बाजूला टोचणारा. इतक्या दिवसांनी आलेला वास म्हणजे काय ते कसं सांगू? ओळखीच्या माणसाची पाठ गर्दीत दिसावी तसं झालं. मी जागेवरून हललो नाही, हललो तर जाईल म्हणून.

"मिरी जरा जास्त पडलीय का रे?" मी हळूच विचारलं.

गुरूनं वर बघितलं. "मिरी अजून टाकलीच न्हाई."

"टाकली असशील."

"ही बघा की," त्यानं शेजारची वाटी दाखवली. मिरी, बडीशेप, खसखस, बदाम, सगळं वाटीत तसंच होतं. पाट्यावर फक्त पाला.

मी उठून पाट्यावर वाकलो. वास पाल्यातूनच येत होता. मग मिरीची वाटी नाकाशी नेली. तोच, जरा ठसठशीत. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी हकीमसाहेबांची लवंगेची बाटली उघडली. लवंगेचा गोड, दाताच्या औषधासारखा भाग आलाच नाही. पण त्याच्या खाली तोच कोरडा लाकडी टोच होता. मिरीत, लवंगेत आणि भांगेत एकच काहीतरी आहे, आणि माझ्या नाकानं परत येताना नेमकं तेवढंच उचललं आहे. धड नाकाच्या माणसाला भांगेचा वास एकसंध येतो. मला त्यातला एकच धागा आला, म्हणून तो वेगळा दिसला. पुढे पुण्यात रसायनाच्या एका प्राध्यापकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, खरंच आहे, तिन्हींत एकच तैलद्रव्य सापडतं. अशा द्रव्यांना टर्पीन म्हणतात, आणि लिंबात, देवदारात, आंब्यात निरनिराळी असतात. त्या सकाळी मला हे काही ठाऊक नव्हतं. मी फक्त ओट्यावर बसून रडत होतो, आणि आव्वा मला पाणी देत होती.

तीच मग म्हणाली, "तुमी तर वास काढनारे. ह्या पाल्यातला वास तेवढा काढता येतो का? देवाला वास दिऊ. निशा ऱ्हाऊ दे पाल्यात."

अर्क काढणं हे तर माझं रोजचं काम. वाफेबरोबर उडणारं ते वर येतं, जड ते हंड्यात राहतं. भांगेची नशा चिकट असते, तुपादुधात उतरते, पाण्यात उतरत नाही, एवढं भांग घोटणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तेव्हा ती वाफेबरोबर येऊ नये. करून बघायला काय हरकत होती?

मल्लप्पांनी तांब्याचा हंडा दिला, बांबूची नळी आणली. झाकणाचा सांधा मी कणकेनं लिंपला, नळीच्या टोकाला गार पाण्याच्या घंगाळात तांब्याची सुरई ठेवली. न भिजवलेला, नुसता चुरलेला पाला पाण्याबरोबर हंड्यात घातला. विस्तवाजवळ गुरूला बसवलं. जाळ मंद हवा, पाणी खळखळून उकळता कामा नये. त्याचा हात या कामाला चांगला निघाला. लाकूड मागे ओढायचं केव्हा, पुढे सारायचं केव्हा, हे त्याला एकदाच सांगावं लागलं. कितीतरी दिवसांनी तो एका जागी बसून कशाकडे तरी लक्ष देत होता. आव्वा दारातून बेलपानांकडे बघत असल्यासारखं दाखवून त्याच्याकडेच बघत होती.

अर्काचं एक असतं. हलके वास आधी येतात, जड मागून. म्हणून मी भांडं बदलत राहिलो. पहिलं भांडं आव्वानं हुंगलं. "लिंबाची साल," ती म्हणाली. मग पुन्हा हुंगून, "न्हाई. कैरीचा चीक."

मला काही आलं नाही. मी भांडं तोंडाशी धरून डोळे मिटले आणि हकीमसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे हाक मारत बसलो. लहानपणी आमच्याकडे लोणच्याच्या कैऱ्या फोडायचे ते दिवस, अडकित्त्याचा आवाज, देठातून उडालेला चीक, ओठाला आलेला फोड. आणि कुठूनतरी, धुक्यातून बैलगाडी यावी तसा, तो आला. आंबूस, हिरवा, जरासा रॉकेलसारखा. कैरी. लिंबू नाही आलं त्या दिवशी. पण कैरी आली. मधल्या भांड्यात मल्लप्पांना देवदाराचं लाकूड सापडलं, मला नाही. शेवटचं भांडं मी कुणाला विचारलं नाही. ते माझं होतं, मिरीचं.

मग तिन्ही एकत्र करून गुरूच्या हाती दिलं. त्यानं ओढून ओढून वास घेतला, एक घोट प्यायला, आणि भिंतीला टेकून वाट बघत बसला. आम्हीही बसलो. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं. मल्लप्पा पेंगू लागले. ते कैरीच्या वासानं की उपासाच्या थकव्यानं, सांगता येणार नाही. आव्वा म्हणाली तिचं डोकं हलकं झालं. मला भूक लागली. खरी, पोटातून आलेली भूक, तापानंतर पहिल्यांदा. जे झालं ते सांगतो.

"काय रे?" मल्लप्पांनी भावाला विचारलं.

"सगळं आलं," गुरू म्हणाला. "तो वास, ती जागा, मंडळी बसलेली, सगळं डोळ्यापुढं आलं. फकस्त पडदा पडत असतो तो पडला न्हाई."

"मग वाईट वाटतंय का?"

गुरू म्हणाला, "तिला हा वास आवडायचा न्हाई. शिवरात्रीला नाकाला पदर लावून बसायची इथं, ह्या खांबापाशी." त्यानं खांबाकडे बोट केलं. "हे मी इसरूनच गेलो होतो बघा."

आव्वा उठली, त्याच्याजवळ जाऊन बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. बायको गेल्यापासून तिचा विषय घरच्यांपुढे त्याच्या तोंडी आला नव्हता, हे मला मल्लप्पांनी नंतर सांगितलं.

संध्याकाळी त्या अर्कानं देवाला अभिषेक झाला. म्हणून गुरूनं भांग सोडली, असं मात्र झालं नाही. त्या दिवशी तो मंडळींत गेला, प्यायला, आणि उशिरा परतला. पण दुसऱ्या दिवशी, पारण्याची हुग्गी खाऊन आम्ही सुपारी कातरत होतो, तेव्हा तो डोळे चोळत आला आणि म्हणाला, "वाळ्याचा बी असाच निघतो का?"

हुग्गी म्हणजे कांडलेल्या गव्हाची गुळाची खीर. तिच्यात वेलदोडा होता का, हे मला कळलं नाही. पण त्याच्या प्रश्नानं जेवण गोड झालं.

मी मुक्काम वाढवला. आम्ही वाळा काढला, मरवा काढला, माळावरचं रोशाचं गवत काढलं. रोज नवं काहीतरी हंड्यात जायचं आणि मी भांडं हुंगत बसायचो. कधी काही यायचं, कधी नाही. रोशातून एके दिवशी गुलाबासारखं काहीतरी चाटून गेलं. आज वर्ष होऊन गेलं. मल्लप्पांच्या मागच्या अंगणात आता पक्की भट्टी आहे आणि आमच्या दुकानाचा रोशा-वाळा तिथूनच येतो. मल्लप्पा मध्यंतरी पुण्याला आले होते, तेव्हा मी गुरूचं विचारलं. "जातो अजून, मधनंच कधीतरी," ते म्हणाले. "पर आता घरी येतो. येऊन जेवतो. कामाला बसतो." त्यांनी ते असं सांगितलं की जणू भावाचं लग्न ठरलं आहे.

हद्दीवर

परतीला लातूरहून बारक्या रेल्वेनं निघालो. ही गाडी इतकी हळू चालते की वळणावर उतरून, हरभऱ्याचे घाटे तोडून, पुन्हा चढणारी माणसं मी पाहिली. हद्दीच्या स्टेशनावर करोडगिरीची, म्हणजे जकातीची, तपासणी झाली. अंमलदार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी ट्रंक उघडायला लावली आणि आव्वानं भरून दिलेली अर्काची बाटली वर काढली.

"ये क्या है?"

"भांगेचा अर्क," मी म्हणालो. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. बूच उघडताच कळलं असतं.

त्यांच्या भुवया वर गेल्या. हद्दीबाहेर भांग-गांजा न्यायला बंदी होती. मी सगळं समजावलं. यात नशा नाही, नुसता वास आहे, माझं नाक गेलं होतं, ते यानं परत येतंय. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटू लागलं.

"नशा नहीं है?"

"नाही."

"तो पी के दिखाइए."

मी प्यायलो, चांगले दोन मोठे घोट. ते समोर खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत राहिले. गाडी थांबून होती. गार्डानं दोनदा डोकावून पाहिलं. उतारू खिडक्यांतून बघत होते, आणि त्यांच्यात माझी जीभ केव्हा अडखळेल यावर चर्चा चालली होती. अंमलदारांनी मला नाव विचारलं, गाव विचारलं, मुलंबाळं विचारली. मी नीट उत्तरं दिली. मग त्यांनी मला सतरा चोक विचारलं. ते मला कधीच येत नव्हतं. मी बोटांवर मोजून अडुसष्ट सांगितलं.

"नशे में होते तो फौरन बोल देते," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

बाटली परत देण्याआधी त्यांनी ती नाकाशी धरली. बराच वेळ धरली. रुमालावर दोन थेंब घेऊन त्यांनी बूच घट्ट लावलं आणि बाटली माझ्या कपड्यांच्या मधोमध, फुटू नये अशी, स्वतः ठेवून दिली.

मी गाडीत चढलो तेव्हा माझी जागा गेली होती. पुढच्या डब्यात एका माणसाच्या पायांशी रिकामी जागा दिसली. एवढ्या गर्दीत ती रिकामी का आहे हे मला बसल्यावर कळलं. त्याच्याजवळ दाढीवाला थोराड बोकड होता, बाजाराला नेत असलेला. आणि गाडी हलली, वारा फिरला, तसा तो वास माझ्या अंगावर आला. उग्र, ओशट, कुबट, नाकातून घशात उतरणारा. एकेक धागा नाही. सगळा, एकदम, जसा असतो तसा.

समोरच्या बाकावरच्या बाईनं नाकाला पदर लावला होता. तिच्या नवऱ्यानं सरकून खिडकीपाशी जागा केली. "पावनं, इकडं या. वास लई घान येऊन राहिलाय."

"हाव," मी म्हणालो, "येतोय खरा." आणि बोकडाच्या मानेवर हात टाकून तिथेच बसून राहिलो.